डोक्यातला नायटा : नांदेड-लातूरच्या शाळकरी मुलांचा दुर्लक्षित आजार

पाच-सहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यात मागच्या बाजूला रुपयाएवढा चट्टा दिसतो. केस तुटलेले, कातडीवर पांढरी खपली, अधूनमधून खाज. घरात कुणी म्हणतं कोंडा आहे, कुणी म्हणतं चाई पडली, कुणी म्हणतं खवडे झालेत. आजी खोबरेलात कापूर घालून लावते. आठ-पंधरा दिवसांनी मेडिकलवरून ट्यूब येते. ट्यूबने खाज थांबते, घरच्यांना बरं वाटतं. मग महिन्याभरात चट्टा पसरलेला असतो आणि धाकट्या बहिणीच्या डोक्यातही तसाच दुसरा निघतो. नांदेड किंवा लातूरच्या कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञासमोर ही हकिगत सांगायला सुरुवात केली, तर पुढची ते स्वतःच पूर्ण करतील.

हा डोक्यातला नायटा. पूर्ण बरा होणारा आजार. त्याचं औषध साठ वर्षांहून जुनं आहे आणि फारसं महागही नाही. मात्र ते पोटात घ्यावं लागतं, कित्येक आठवडे न चुकता घ्यावं लागतं, आणि घरातल्या बाकीच्या लेकरांची डोकीही तपासून घ्यावी लागतात. या तीन गोष्टी केल्या की काम होतं. आपल्या शहरांत औषधाचं दुकान, सलून, गल्लीतला दवाखाना आणि शाळा मिळून लेकराला नेमकं या तिन्हींपासून दूर नेतात. ते कसं घडतं आणि कुठे थांबवता येईल, हे तपासण्यासाठी हा आढावा.

आधी आजार समजून घेऊ. नायट्याची बुरशी केराटिनवर जगते. कातडीचा वरचा थर, नखं आणि केस हे केराटिनचेच बनलेले. अंगावरचा नायटा कातडीच्या वरच्या थरात राहतो, त्यामुळे मलम त्याच्यापर्यंत पोचतं. डोक्यातली बुरशी केसाच्या मुळाशी उतरते आणि केसातच शिरते. काही जाती केसाच्या बाहेरून बीजाणूंचं आवरण करतात, काही केसाच्या आत बीजाणू भरतात. आतून भरलेला केस ठिसूळ होऊन कातडीलगतच मोडतो, आणि मोडलेल्या केसांची टोकं काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. वरून कितीही मलम चोळलं तरी ते केसाच्या आत आणि मुळाशी पुरेसं पोचत नाही. म्हणून औषध रक्तातून यावं लागतं, म्हणजे नवा उगवणारा केस बुरशीला पुरून उरतो.

हा मुख्यतः लहान मुलांचा आजार आहे. साधारण तीन ते चौदा वर्षं हे त्याचं वय. वयात आल्यावर डोक्याच्या कातडीत तेलग्रंथी जोमाने काम करू लागतात आणि त्या तेलातली काही स्निग्धाम्लं या बुरशीला वाढू देत नाहीत. तरी मोठी माणसं अगदीच सुटत नाहीत. आईच्या किंवा आजीच्या डोक्यात बुरशी कोणतंही लक्षण न दाखवता राहू शकते, आणि लेकराला बरं केल्यावर पुन्हा तिच्याकडूनच लागण होते. एकाच घरात वर्षभर फिरत राहणाऱ्या नायट्याचं कोडं बऱ्याचदा इथे सुटतं.

भारतात या आजारात ट्रायकोफायटन व्हायोलेशियम ही जात अनेक अभ्यासांमध्ये आघाडीवर दिसते. काही भागांत ट्रायकोफायटन टॉन्सुरन्स किंवा मायक्रोस्पोरमच्या जातीही सापडतात. व्हायोलेशियम माणसाकडून माणसाकडे जाते, प्राण्यांकडून येत नाही. ती संथपणे वाढते, प्रयोगशाळेत तिची जांभळट वसाहत दिसायला आठवडे लागतात. आणि ती फार सूज आणत नाही. कोरडी खपली, थोडे मोडके केस, एवढंच. त्यामुळे आई तिला कोंडा समजते, शाळेतल्या बाईंना तर ती दिसतच नाही. पूर्वीच्या पुस्तकांत मुलांची डोकी तपासायला वूडचा दिवा वापरावा असं लिहिलेलं असे. मायक्रोस्पोरमने बाधित केस त्या अतिनील प्रकाशात हिरवट चमकतात. व्हायोलेशियम आणि टॉन्सुरन्स मात्र चमकत नाहीत. म्हणजे आपल्या भागातल्या शाळेत नुसता दिवा घेऊन फिरणाऱ्या पथकाला बहुतेक आजारी मुलं निरोगी वाटतील.

मग ओळखायचं कसं? मोडके केस आणि खपली पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, आणि जमलं तर सॅबुरोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाढमाध्यमावर वाढवायची. नमुना घेण्यासाठी कातडी खरवडण्याचीही गरज नाही, नवा निर्जंतुक टूथब्रश किंवा ओला कापसाचा बोळा डोक्यावर फिरवला तरी चालतो. लेकरं रडत नाहीत. कातडी मोठी करून दाखवणारा डर्मोस्कोप असलेल्या डॉक्टरांना स्वल्पविरामासारखे वाकलेले किंवा पिळदार केस दिसतात, तीही पक्की खूण आहे. मानेच्या मागे, केसांच्या कडेला सुजलेल्या गाठी हाताला लागल्या तर संशय आणखी वाढतो. खरी चाई असेल तर चट्टा गुळगुळीत असतो, त्यावर खपली नसते आणि खाजही सहसा नसते. एवढा फरक आईवडिलांनाही कळण्यासारखा आहे.

केस गेले म्हणजे बुरशीच, असंही धरून चालायचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडू लागलं. सुरुवातीला पाण्यावर आणि बुरशीवर संशय घेतला गेला. आयसीएमआरचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं. मूळचे जालना जिल्ह्यातले आणि विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या वाढलेल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. अख्ख्या गावाच्या बाबतीत तपासणीशिवाय अंदाज चुकू शकतो, तर एका लेकराच्या डोक्याबाबत नक्कीच चुकू शकतो. दोन्हीकडे उपाय एकच, नमुना तपासून पाहणे.

या सगळ्या सोयी मराठवाड्यात नाहीत असं नाही. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे आणि त्याशिवाय एमआयएमएसआर हे खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळ अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. अशा प्रत्येक महाविद्यालयात त्वचाविभाग आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असावेच लागतात. मराठवाड्यातल्या बुरशीजन्य त्वचाविकारांवर संशोधनही झालं आहे. औरंगाबाद आणि परिसरातल्या रुग्णांवरचा पटवर्धन आणि दवे यांचा अभ्यास १९९९ मध्ये इंडियन जर्नल ऑफ पॅथॉलॉजी अँड मायक्रोबायोलॉजीत छापून आला, आणि आजही देशभरचे संशोधक त्याचा संदर्भ देतात.

पण रुग्णालयाच्या नोंदी वाचताना सावध राहावं लागतं. भारतातल्या बहुतेक रुग्णालयीन अभ्यासांत अंगावरचा आणि जांघेतला नायटा सर्वाधिक आढळतो, डोक्यातला थोडा. म्हणून तो कमी आहे असा निष्कर्ष काढायचा का? रुग्णालयात कोण येतं ते बघा. जांघेत खाजवून हैराण झालेला रिक्षावाला येतो, लग्न ठरलेली मुलगी येते. दुसरीतल्या मुलाच्या कोंड्यासाठी मजुरी बुडवून विष्णुपुरीला कोण जाणार? हा आजार मोजायचा तर शाळेत जाऊन, रांगेने डोकी बघूनच मोजावा लागतो. जगातही तो असाच बाजूला पडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राधान्याच्या बुरशींची यादी काढली, तीत नायट्याच्या बुरशी नाहीत. खरूज २०१७ मध्ये दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत आली, नायटा आला नाही. जीव घेत नाही म्हणून तो यादीत बसत नाही, आणि यादीत नाही म्हणून त्याला पैसा मिळत नाही.

या आजाराचा इतिहास मात्र विज्ञानाच्या दृष्टीने थोर आणि मुलांच्या दृष्टीने फार कठोर आहे. मूळचे हंगेरीचे डेव्हिड ग्रुबी यांनी १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये दाखवून दिलं की डोक्यातल्या चट्ट्यांमागे बुरशी आहे. सूक्ष्म जीव माणसाला आजारी पाडतो हे सिद्ध करणाऱ्या अगदी पहिल्या पुराव्यांपैकी हा एक. पुढे रेमंड सॅबुरो यांनी पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात या बुरशींच्या जाती लावल्या. त्यांचं वाढमाध्यम आजही जगभर बुरशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळांत वापरलं जातं. पण तोवर औषध नव्हतं. नायट्याची मुलं वेगळ्या शाळेत, इतर मुलांपासून तोडून, महिनोनमहिने ठेवली जात आणि त्यांचे केस एकेक उपटले जात. १९०४ मध्ये सॅबुरो यांनी क्ष-किरणांनी सगळे केस गळवण्याची पद्धत बसवली आणि तिचं मोठं स्वागत झालं. केस गळाले की बुरशीही जाई, केस परत येत.

त्याची किंमत पुढे कळली. इस्रायलमध्ये १९४८ ते १९६० या काळात उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून आलेल्या स्थलांतरितांच्या हजारो मुलांच्या डोक्यांवर क्ष-किरण सोडले गेले. बारूक मोदान आणि सहकाऱ्यांनी अशा सुमारे १०,८०० जणांचा मागोवा घेतला. १९७४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दाखवलं की या लोकांत डोक्या-मानेच्या गाठींचं प्रमाण वाढलेलं आहे. मेंदूच्या आवरणाच्या आणि थायरॉइडच्या गाठी त्यात होत्या. १९९४ मध्ये इस्रायलला त्यांच्या भरपाईसाठी कायदा करावा लागला. हे इथे मुद्दाम सांगतो, कारण जीवघेणा नसलेल्या आजारावर घाईचा, जोरकस उपाय केला की मुलाचं आयुष्यभराचं नुकसान होऊ शकतं. आपल्याकडे आज क्ष-किरण कुणी देत नाही, पण घाईचे जोरकस उपाय आहेतच. ते पुढे येतील.

खरा बदल ग्रिसिओफुल्विनने आणला. हे औषध १९३९ मध्येच पेनिसिलियमच्या एका जातीपासून वेगळं काढलेलं होतं, पण ते पोटातून दिलं तर नायटा बरा होतो हे १९५८ मध्ये जेंटल्स यांनी गिनीपिगवर दाखवलं आणि त्याच वर्षी माणसांवरही ते लागू पडलं. त्या दिवसापासून मुलांना कोंडायची, केस उपटायची, किरण द्यायची गरज संपली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आजही आहे. दुसरं औषध टर्बिनाफिन. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार ट्रायकोफायटनवर ते ग्रिसिओफुल्विनइतकंच काम करतं आणि कमी आठवड्यांत करतं, तर मायक्रोस्पोरमवर ग्रिसिओफुल्विन सरस ठरतं. आपल्याकडे ट्रायकोफायटन जास्त असल्याने दोन्ही पर्याय खुले आहेत. टर्बिनाफिन साधारण चार आठवडे, ग्रिसिओफुल्विन सहा ते आठ किंवा त्याहूनही जास्त. मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची.

आता औषधाच्या दुकानाकडे वळू. नायट्यासाठी मेडिकलवर मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीनाशक, जंतुनाशक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडने खाज आणि लाली एका दिवसात उतरते. कातडीची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत अशी काही त्वचेची मिश्रणंही होती. त्वचारोगतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना वर्षानुवर्षं याविरुद्ध मोहीम चालवते आहे. तरीही कोणत्याही शहरात चिठ्ठीशिवाय ट्यूब मिळते, हे वाचकालाही ठाऊक आहे.

याचा परिणाम अंगावरच्या नायट्यात दिसला. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर हट्टी, घरभर पसरणारा, पुन्हा पुन्हा येणारा नायटा वाढला. त्यामागची बुरशी टर्बिनाफिनला दाद देईनाशी झाली. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून तिला ट्रायकोफायटन इंडोटिनिए असं नाव दिलं, म्हणजे नावातच भारत आला. २०२३ मध्ये अमेरिकेतही तिचे रुग्ण नोंदवले गेले. ही बुरशी मुख्यतः अंगावर आणि जांघेत आढळते, डोक्यात क्वचितच. पण ज्या घरात बापाला असा नायटा आहे, त्याच घरात तीच ट्यूब लेकराच्या डोक्याला लावली जाते. मोठ्यांनी लावलेली चुकीची सवय लहानांच्या डोक्यावर उतरते, याहून वाईट काय असणार.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. काही मुलांच्या डोक्यात नायटा अचानक सुजतो. मऊ, दबणारी, पू झरणारी गाठ तयार होते, वरचे केस हलक्या हाताने निघून येतात, ताप येतो, मानेच्या गाठी सुजतात. डॉक्टर याला केरिऑन म्हणतात. हे गळू नसतं. बुरशीविरुद्ध शरीराने दिलेला हा जोरदार प्रतिसाद असतो, आणि आत साठलेल्या पुवाचा एकच कप्पा नसतो. तरी लांबून ते करटासारखं दिसतं, आणि लेकराला भूल देऊन किंवा न देता चीर दिली जाते. पू फारसा येत नाही, मग दुसरी चीर, मग प्रतिजैविकांचा कोर्स, मग आणखी एक. तोपर्यंत बुरशी जिथल्या तिथे. शेवटी तिथे व्रण राहतो आणि व्रणावर केस कधीच उगवत नाहीत. केरिऑन कापायचं नसतं, हे वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत स्पष्ट लिहिलेलं आहे. बुरशीविरुद्धच्या गोळ्या सुरू केल्या की सूज उतरते. डोक्यातली सुजलेली जागा कापायचा सल्ला मिळाला, तर आईवडिलांनी ‘कापण्याआधी केसांची बुरशीसाठी तपासणी करा’ एवढं एकच वाक्य म्हणावं. त्या एका वाक्याने लेकराच्या डोक्यावरचं कायमचं टक्कल वाचू शकतं.

गोळ्या सुरू झाल्यावर कधी कधी अंगावर, कानामागे, मानेवर बारीक पुरळ उठतं. घरचे घाबरतात, औषधाची रिॲक्शन समजून गोळ्या बंद करतात. बहुतेक वेळा ते बुरशी मरताना शरीराने दिलेलं उत्तर असतं आणि काही दिवसांत शमतं. गोळी बंद न करता डॉक्टरांना दाखवणं हाच योग्य मार्ग. गोळ्या अर्ध्यावर थांबणं हे उपचार फसण्याचं नेहमीचं कारण आहे.

सलूनचाही विचार करायला हवा. नव्वदच्या दशकात एड्सविषयी जागृती झाली तेव्हा आपल्याकडच्या न्हाव्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं लावायला सुरुवात केली, आणि आज लहानशा दुकानातही तो नियम पाळला जातो. केस कापायचं मशीन मात्र दिवसभर एकाच दातांनी वीस-पंचवीस डोक्यांवरून फिरतं. शाळकरी पोरांची कटिंग बहुतेक मशीनच्या शून्य किंवा एक नंबरवर होते, आणि नायट्याचे बीजाणू त्या दातांत अडकलेल्या केसांबरोबर पुढच्या डोक्यावर जातात. जून २०२० च्या अखेरीस टाळेबंदीनंतर राज्यातली सलून उघडली, तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकानंतर उपकरणं निर्जंतुक करण्याची अट होती आणि कारागिरांनी ती पाळली. तीच सवय मशीनसाठी पुन्हा आणायची आहे. दात सुटे करून ब्रशने केस काढणे आणि स्पिरिटमध्ये बुडवणे, दोन मिनिटांचं काम. जावळाच्या वेळी तर उपकरणांची अशी स्वच्छता नक्कीच व्हावी, कारण तिथे काही महिन्यांच्या बाळाच्या कोवळ्या डोक्याला वस्तरा लागतो.

केसांच्या बाबतीत नांदेडचं एक वेगळेपण आहे. तख्त सचखंड श्री हजूर साहिबमुळे इथे शीख समाज मोठा आहे आणि शीख मुलांचे केस कापायचे नसतात. मुलांच्या डोक्यात नायटा झाला की मुंडण करा असा सल्ला देणारे अजून आहेत. त्याची काही गरज नाही. पोटातल्या गोळ्यांनी बरं होणाऱ्या आजारात केस कापण्याने उपचाराला काही हातभार लागत नाही, म्हणून शीख मुलाच्या केसांना हात लावायचं कारण नाही आणि मुलींच्या वेण्या कापायचंही नाही. उलट शीख घरात प्रत्येकाचा स्वतःचा कंगा असतो, ही पद्धत सगळ्यांनीच उचलावी. आपल्या बहुतेक घरांत आरशापाशी एकच कंगवा असतो आणि तो आई, तीन लेकरं आणि पाहुणे असे सगळे वापरतात. पटका, टोपी, स्कार्फ, रिबिन, हेल्मेट, उशीचा अभ्रा यांचंही तेच. बीजाणू या वस्तूंवर महिनोनमहिने टिकतात. उपचार चालू असताना दोन आठवड्यांतून एकदा तरी हे सगळं गरम पाण्यात धुवावं किंवा बदलावं. आठवड्यातून दोनदा किटोकोनॅझोलचा शाम्पू सगळ्या घरानेच लावला तर बीजाणू झडणं कमी होतं. शाम्पूने एकट्याने आजार जात नाही, पण पसरायला आळा बसतो.

पाण्याचा प्रश्न इथे आपोआप येतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली जलदूत गाडी पोचली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. मांजरा धरण कोरडं पडलं की लातुरात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आणि तेव्हा आधी प्यायचं, मग स्वयंपाकाचं, शेवटी डोकं धुवायचं पाणी. अशा घरात आई अभ्रे उकळत्या पाण्यात कशी धुणार? तरी अस्वच्छतेचा ठपका इथे ठेवणं चूक आहे. रोज न्हाणाऱ्या, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या, स्वच्छ घरातल्या लेकरालाही हा आजार होतो, कारण बीजाणूला घर कुणाचं ते कळत नाही. पाण्याच्या टंचाईने प्रसार वाढतो, आणि ठपक्याने आजार लपवला जातो. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत.

शाळेत ठपका बसतोच. चट्टा दिसला की मुलाला वेगळ्या बाकावर बसवलं जातं, कधी बरा होऊन ये म्हणून घरी पाठवलं जातं. आठ आठवड्यांच्या उपचारात आठ आठवडे शाळा बुडाली तर लेकराचं जवळपास अर्धं सत्र गेलं. ब्रिटिश त्वचारोग संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानुसारही उपचार सुरू झाला की मुलाने शाळेत यावं. सॅबुरोंच्या काळात पॅरिसमध्ये नायट्याच्या मुलांना इतर मुलांपासून तोडणं भाग होतं, कारण औषध नव्हतं. आपल्याकडे औषध असून मुलं तोडली जात असतील, तर त्याला कसलंही वैद्यकीय कारण उरत नाही.

शाळेत तपासणीची व्यवस्था कागदावर आहे, आणि चांगली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्याची फिरती पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. ज्या तीस आजारांसाठी मुलांना तपासायचं, त्यांत त्वचारोगही आहेत आणि बुरशीजन्य आजारांचा त्यांत नावानिशी समावेश आहे. म्हणजे नवी योजना काढायची गरज नाही. दोन उणिवा मात्र ठळक आहेत. पहिली, हा कार्यक्रम शासकीय आणि अनुदानित शाळांसाठी आहे. नांदेड-वाघाळ्याची लोकसंख्या २०११ मध्येच साडेपाच लाखांवर होती, लातूरची पावणेचार लाखांवर, आणि दोन्ही शहरांत शिक्षणाचा व्याप मोठा, त्यामुळे विनाअनुदानित शाळांत जाणारी मुलंही फार. ती या पथकांच्या नजरेतून सुटतात. दुसरी, एका दिवसात शे-सव्वाशे मुलं बघायची असतील तर डोळे, दात, वजन, हृदय यांतून डोक्याच्या केसांपर्यंत हात पोचतोच असं नाही. केस बाजूला सारून बघायला प्रत्येक मुलामागे दहा सेकंद लागतात, तेवढे राखून ठेवायला हवेत.

आश्रमशाळा, वसतिगृहं, मदरसे, जिथे लेकरं एका खोलीत झोपतात, तिथे वर्षातून एकदाची तपासणी पुरत नाही. आणि मुखेड-कंधारच्या तांड्यांवरून, लातूरच्या ग्रामीण भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न आणखी अवघड. शहरातल्या नातेवाइकांकडे शिकायला ठेवलेलं लेकरू तपासलं जातं, आईबापांबरोबर कोल्हापूर-सांगलीला गेलेलं जात नाही. गोळ्या चौथ्या आठवड्यात संपतात, पुढचा रुग्णालयाचा फेरा कारखान्याच्या पट्ट्यात होत नाही, आणि एप्रिलमध्ये परतलेलं मूल नायटा घेऊनच परततं. अशा मुलाला निघण्याआधी पूर्ण मुदतीच्या गोळ्या एकदम द्याव्यात. आशाताई कुष्ठरोग शोध अभियानात दारोदार जाऊन अंगावरचे चट्टे बघतातच. त्याच वेळी लेकरांच्या डोक्यावरूनही एकदा हात फिरवायला सांगितलं, तर फार जास्त काम होणार नाही.

खर्चाची बाजू आज पूर्वीपेक्षा बरी आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. त्यामुळे जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत गोळ्या मिळायला हव्यात, आणि मिळत नसतील तर विचारायचा हक्क पालकांना आहे. घरी ग्रिसिओफुल्विन द्यायची एक रीत लक्षात ठेवावी. हे औषध चरबीबरोबर नीट शोषलं जातं, उपाशीपोटी फार कमी. गोळी चुरून दुधातून, नाहीतर जेवणात तूप किंवा शेंगदाण्याची चटणी घालून त्या जेवणाबरोबर द्यावी. खाज थांबली, खपली गेली, केस दिसू लागले तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत गोळी सोडू नये. शेवटी शक्य असेल तर नमुना पुन्हा तपासून घ्यावा.

नांदेड-वाघाळा आणि लातूर महानगरपालिकांच्या आरोग्य विभागांना, दोन्ही जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांना आणि खासगी शाळांच्या चालकांना माझी विनंती आहे की येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाचं डोकं बघा, बोळ्याने घेतलेले नमुने वैद्यकीय महाविद्यालयात पाठवा, आणि ज्याला नायटा निघेल त्याला गोळ्या सुरू करून त्याच दिवशी वर्गात बसू द्या.